खाली राहिलेली गुलाबी ओळ

मित्रांनो, मी लाकडाची नाही, लोखंडाचीही नाही. मी लॅपटॉपमध्ये राहणारी एक जुनी एक्सेल फाइल आहे. माझं नाव ‘मेस नवीन’. नवीन म्हणे! ठेवलं तेव्हा होते नवीन, पुढे बदलायला कोणाला सवड झाली नाही. नागपुरात सक्करदऱ्याला इंदुताईंची डब्यांची मेस आहे. तिथे स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी माझं टेबल आहे.

मला बनवलं इंदुताईंच्या सुनेने, रितिकाने. एका ओळीत एक गिऱ्हाईक. इंदुताईंना बारीक अक्षर वाचायचा कंटाळा, म्हणून त्यांनी रंग ठरवले. कांदा-लसूण न खाणारा पिवळा, साखरेचा पेशंट हिरवा आणि घरात एकटं राहणारं म्हातारं माणूस गुलाबी. काय लाड व्हायचे माझे तेव्हा! आलेल्या पाहुण्यालाही इंदुताई मला कौतुकाने उघडून दाखवत.

गुलाबीचा नियम त्यांचा स्वतःचा होता. बाकीच्यांचा डबा दाराच्या कडीला अडकवला की झालं. गुलाबी माणसाची मात्र बेल वाजवायची, दार उघडेपर्यंत थांबायचं, दोन शब्द बोलायचे आणि मगच निघायचं. रोज सकाळी रितिका मला रंगाने सॉर्ट करी. तिने गुलाबी निवडला की माझ्या गुलाबी ओळी सरसर वर येत. मग ती पडद्याचा फोटो काढी, गुलाबी संपले तिथे लाल रेघ मारी आणि डबे पोचवणाऱ्या दुर्गेशला पाठवी. दुर्गेश रंगबिंग बघत नसे. रेघेच्या वर बेल, रेघेच्या खाली कडी, एवढंच त्याला ठाऊक.

मधुकरराव आणि देवकीकाकू हे तलावाजवळ राहणारं जोडपं. त्यांची ओळ बिनरंगाची होती. उन्हाळ्यात काकू गेल्या. मुलगी परदेशात. तेरवी झाली आणि इंदुताई म्हणाल्या, “रितिका, मधुकररावांले गुलाबी कर वं. आता बेल वाजवा लागते तिथं.” त्यांनी मधुकररावांना फोन करून तसं सांगितलंही.

रितिकाच्या कानाला फोन होता, समोर भाजीवाला उभा होता. घाईत तिने रंगांच्या पेटीतला शेजारचा चौकोन दाबला. तोही गुलाबीच, फक्त जरासा फिकट. माणसाच्या डोळ्याला फरक कळू नये इतकाच. पण मित्रांनो, माझ्या लेखी ते दोन वेगळे रंग. जो निवडाल तेवढाच वर येणार, अशीच माझी घडण आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे गुलाबी वर गेले आणि मधुकरराव रेघेखाली, पिवळ्या-हिरव्या ओळींच्या गर्दीत राहिले; घाईत रितिकाची नजर तिथवर गेलीच नाही. रोज तेच. मला दिसत होतं. ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

एक दिवस दुर्गेश आदल्या दिवशीचा डबा भरलेलाच परत घेऊन आला.

“हा काहून भरलेला गा?” इंदुताईंनी विचारलं.

“मले काय माहीत, काकू. रेघेखालचं नाव आहे. अडकवला अन् निघालो.”

इंदुताईंनी गॅस बंद केला आणि तशाच त्याच्या गाडीवर बसून गेल्या. शेजाऱ्यांकडच्या किल्लीने दार उघडलं. मधुकरराव तापाने फणफणले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

“तुम्ही बेल वाजवणार म्हणाल्या होत्या,” ते म्हणाले. “मी रोज शर्ट घालून बसून राहायचो. कडी वाजायची अन् गाडी निघून जायची. दार उघडून हाक माराची लाज वाटली, ताई. वाटलं, कोणाले बोलायचं नसन माझ्याशी.”

त्यांना दवाखान्यात नेलं, ते बरे झाले. त्या संध्याकाळी रितिकाने मला उघडलं, दोन्ही गुलाबी शेजारी ठेवून पाहिले आणि ती रडली. इंदुताई तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “रंग राहू दे, पण बाजूले अक्षरात लिहून ठेव.” तेव्हापासून माझ्यात एक रकाना वाढला. त्याचं नाव ‘बेल’. मधुकररावांच्या ओळीत रितिकाने लिहिलं, ‘वाजवा. थांबा.’ पुढे दुर्गेश तिथे इतका वेळ बोलत बसायचा की बाकीचे डबे थंड झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या.

मागच्या हिवाळ्यात मधुकरराव वारले. त्याच सुमारास मेसचं काम मोबाइलवरच्या ॲपमध्ये गेलं. सगळी नावं तिकडे नेली. ‘बेल’ हा रकानाही नेला, याचं मला समाधान आहे. मधुकररावांचं नाव तेवढं नेलं नाही, न्यायचं कारणही नव्हतं. ते आता फक्त माझ्यात आहे, त्याच फिकट गुलाबी रंगात. मला कोणी उघडत नाही. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, रंग जरूर भरा, पण त्याचा अर्थ शेजारी लिहून ठेवा. आणि तुमच्या गल्लीत कोणी एकटं राहत असेल, तर कडी वाजवून पळू नका. बेल वाजवा, थांबा. आतलं माणूस आपणहून हाक मारत नाही. मलाही आपणहून उघडता येत नाही.