सावकाश मशीन

“ताई, नुसता पेपर टाइप करून काही कळायचं न्हाई,” अकरम म्हणाला. “दोन्ही सारखेच पळून राहिलेत. काहीतरी जड काम द्या.”

टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवले होते. अकरमचं नांदेडला दुकान होतं. सकाळच्या एसटीनं तो दोन्ही डबे लातूरला घेऊन आला होता. एकात पेंटियम थ्री प्रोसेसर, दुसऱ्यात त्याहून स्वस्त सेलेरॉन. बाकी मेमरी, डिस्क सगळं सारखं. क्लासचे मालक शिवकुमार सर त्यांतला एक घेणार होते. कोणता, ते सिंधुनं सांगायचं होतं, कारण क्लासचे सगळे पेपर तीच टाइप करायची.

दुपारचं ऊन खिडकीतून कीबोर्डवर आलं होतं. भिंतीपलीकडे शंभरएक मुलं सरांमागे सूत्र म्हणत होती. शब्द कळत नव्हते, नुसता पाण्यासारखा आवाज येत होता.

“जड म्हंजे काय?”

“फोटो हाय का एखादा जुना? मोठा करून त्याच्यावरचे डाग पुसायला लावतो. तिथं प्रोसेसरचा कस लागतो.”

सिंधुनं पर्समधून बसच्या पासामागे ठेवलेला एक फोटो काढला. गावच्या शाळेचा, तिसरीच्या वर्गाचा. मधल्या रांगेत एक मुलगी होती, तोंड नखाएवढं.

“एवढंच मोठं करा. माझी वर्षाराणी हाय.”

अकरमनं फोटोकडे पाहिलं, फोटोमागे लिहिलेल्या गावाच्या नावाकडे पाहिलं. किल्लारीच्या शेजारचं गाव. भूकंपाला आता आठ वर्षं होत आली होती. त्या पहाटे दगडामातीखालून घरातली एकटी सिंधु जिवंत निघाली होती. नवरा आणि मुलगी निघाले नाहीत. पुढं लातूरला येऊन ती टायपिंग शिकली आणि अकरावी-बारावीच्या पोरांचे पेपर काढू लागली. वर्षाराणी असती तर आता त्याच पोरांत बसली असती. हे ती कुणाला बोलली नव्हती.

अकरमनं फोटो स्कॅन करून दोन्ही मशीनवर घातला आणि आधी पेंटियमचं बटण दाबलं. चहाचा कप उचलून तो ओठाला लावेपर्यंत चेहरा पडद्यावर हजर झाला. स्वच्छ, मोठा. सिंधु दचकलीच. तिला नीट बघायलाही सुचेना.

“आता हा बघा,” अकरम म्हणाला.

सेलेरॉनवर काम वरून खाली, पट्टीपट्टीनं सरकू लागलं. आधी केस आले. भांग थोडा वाकडा होता. फोटो काढायच्या दिवशी सकाळी वर्षाराणी पळत होती आणि सिंधु तिच्यामागे फणी घेऊन धावली होती. मग कपाळ आलं, टिकली आली. पट्टी थबकली. सिंधु श्वास धरून बसली. भिंतीपलीकडचा आवाज लांब लांब गेला. डोळे आले, एक किंचित मिटलेला, उन्हामुळं. नाक आलं. ओठ यायच्या आधीच सिंधुला कळलं, की पुढचा दात पडलेला आहे. पोर कुठूनतरी लांबून चालत, उंबऱ्याशी येऊन उभी राहावी, तसं ते होतं.

“लई सावकाश हाय,” अकरम हळूच म्हणाला.

“हाव,” ती म्हणाली. “परत एकदा लावता का?”

त्यानं परत लावलं, आणि बघता बघता त्याचा चहा गार झाला.

तास सुटल्यावर शिवकुमार सर आत आले. “काय ठरलं, सिंधुताई? लवकर सांगा, बॅच उभी आहे.”

“पेंटियम घ्या, सर. आकृत्या, पेपर झटक्यात होतील.”

“आणि हे दुसरं?”

“वाईट न्हाई. पण आपल्या कामाला ते हळू पडंल.”

सर मान हलवून निघून गेले. अकरम सेलेरॉनच्या वायरी काढू लागला. मग थांबला.

“ताई, फोटो ह्याच्यात राहिलाय. पुसून टाकू का?”

“हे मशीन कुठं जाईल आता?”

“भोकरची एक शाळा मागून राहिली. त्यांना घाई नसती.”

“शाळंत?” सिंधु म्हणाली. “मग राहू द्या.”

संध्याकाळी ती त्याच्याबरोबर स्टँडवर गेली. मूळ फोटो तिच्या पर्समध्येच होता. नांदेडची गाडी लागली. अकरमनं डबा वरच्या फळीवर सरकवला आणि खिडकीपाशी बसला. सिंधु खाली उभी होती.

“रस्ता कसा हाय, अकरमभाई?”

“अहमदपूरपर्यंत बरा. पुढं लई धक्के.”

ती त्या फळीकडे बघत राहिली. अकरम उठला, डबा खाली काढला आणि मांडीवर घेऊन दोन्ही हात त्याच्याभोवती घातले.

गाडी हलली तशी सिंधु खिडकीसोबत थोडी चालली. मग थांबली आणि पदर सावरून म्हणाली, “सावकाश जा.”