रणगाडा कुठे ठेवायचा

आर्विडने रणगाडा पेन्सिलीच्या जाडीएवढा डावीकडे सरकवला, मान तिरपी करून पाहिलं आणि पुन्हा होता तिथे आणून ठेवला.

"झालं?" गॉर्डीने विचारलं.

"नाही अजून."

तळघरातल्या टेबलावर अक्रोडाच्या लाकडाची दीड वीत लांबीची फळी होती. फळीवर चिखलाचा रस्ता, रस्त्याकडेला बर्फाखाली दबलेलं बीटचं शेत आणि मधोमध तो वीतभर रणगाडा. दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात बेल्जियममध्ये तोफेचा गोळा लागून जळालेल्या एका अमेरिकन रणगाड्याचं हे मॉडेल. रणगाडा रंगवून चार महिने झाले होते, शेत तर त्याआधीच तयार होतं. आता तो फळीवर नेमका कुठे, कसा बसवायचा ते ठरवायचं, खालून दोन स्क्रू पिळायचे आणि घट्ट चिकटवणारी इपॉक्सी भरायची, एवढंच राहिलं होतं. पण या देखाव्याच्या आखणीचं घोंगडं चौदा महिने भिजत पडलेलं.

"अरे लेका, लढाईच्या वेळी असे रणगाडे कारखान्यातून रोज बाहेर पडायचे. तुझा एक बाहेर पडेना," गॉर्डी म्हणाला. गॉर्डी माकी आणि आर्विड टॉलेफसन, दोघांनी डुलूथच्या लोहखनिजाच्या धक्क्यावर एकत्र तीस वर्षं काढली होती आणि मॉडेलवाल्यांच्या क्लबात वीस. "पुढच्या शनिवारी प्रदर्शन आहे. तुझं नाव घालून आलोय मी."

"कुणाला विचारून?"

"तुला विचारलं असतं तर उत्तर पुढच्या वर्षी आलं असतं."

गॉर्डीने बायकोने दिलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा उघडला, स्वतःच दोन खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून मुलीचा विषय काढला.

"आमच्या कार्लाचा फोन येतो ना, चर्चहून घरी जाताना गाडीतून. गाडी गॅरेजात शिरली की 'बरं पप्पा, ठेवते.' एकदा वाटेत सिग्नल बंद होता, तर मला चार मिनिटं जास्त मिळाली." तो खळखळून हसला. "कर्तव्य उरकतात बिचारी. आपणही आपल्या आयांना असेच फोन करत होतो की!"

आर्विडही हसला, पण ते बोलणं त्याला लागलं. गॉर्डी गेल्यावर तो बराच वेळ टेबलाशी उभा राहिला. एप्रिल उजाडला तरी तळघराच्या खिडकीबाहेरचा बर्फ तसाच होता.

त्याचा मुलगा डॅरेल टेक्सासात अमरिलोला पवनचक्क्या दुरुस्त करायचा. आर्विडची बायको लोरेन होती तोवर बापलेकांना एकमेकांशी बोलावं लागत नसे. ती तासभर बोलायची आणि शेवटी "घे, बाबांशी बोल" म्हणून फोन पुढे करायची. मग हवा कशी आहे, गाडी कशी चालते आणि बरं, ठेवतो. मागच्या वर्षीच्या जानेवारीत लोरेन गेली. दर रविवारी चारला फोन येत राहिला, पण डुलूथची हवा आणि अमरिलोची हवा मिळून तीन मिनिटांत संपायची. पाचव्या रविवारी आर्विडला काहीच सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "जळालेल्या रणगाड्याचा एक देखावा करावा म्हणतोय."

"तोफेचा बुरूज कुठल्या बाजूला वळलेला?" डॅरेलने लगेच विचारलं.

त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला.

तेव्हापासून दर रविवारी एकेक मुद्दा निघू लागला. शत्रू रानातून आला की खेड्याकडून, यावर सहा रविवार काथ्याकूट झाला. झाकणांचा प्रश्न तर अख्खा उन्हाळा पुरला. आत माणसं पाच, आणि जितकी झाकणं उघडी तितकीच माणसं सुटल्याची आशा. पाचही सुटली असं डॅरेलचं म्हणणं होतं. आर्विड ऐकेना.

"ड्रायव्हरचं झाकण बंदच राहणार," तो म्हणाला होता. "त्याला वेळच मिळाला नाही."

डॅरेल म्हणाला, "जाताना त्याच्याजवळ कुणी होतं का, बाबा?"

"होतं. शेजारी बसलेला होता ना. शेवटपर्यंत होता."

लोरेन गेली त्या वेळी डॅरेल हिमवादळामुळे शिकागोच्या विमानतळावर अडकून पडला होता. तिच्याबद्दल बापलेक बोलले ते एवढंच, आणि तेही तिचं नाव न घेता. त्या संध्याकाळी आर्विड जिन्याच्या पायरीवर बसून रडला होता.

पण मागच्या रविवारी फोनवर मागे बेसबॉलचा सामना ऐकू येत होता. डॅरेल नुसता "हं, हं" करत होता आणि एकदा त्याने जांभई दिली. आर्विडने तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. आता घेतलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आठवडाभर मनोऱ्यांवर चढतो, त्याला एक रविवार मिळतो आणि तो म्हाताऱ्याच्या चिखलाच्या रस्त्यात जातो. किती दिवस वेठीला धरायचं पोराला?

त्याने फळी उलटी केली आणि दोन स्क्रू पिळले. इपॉक्सी कालवून भरली. पाच मिनिटंही लागली नाहीत. हात धुताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला उद्याच्या चार वाजण्याची भीती वाटते आहे.

रविवारी चारला फोन वाजला.

"डावीकडे सरकवून बघितलात का, बाबा?"

"बसवला."

"म्हणजे?"

"म्हणजे बसवला. स्क्रू, इपॉक्सी, सगळं झालं. शनिवारी प्रदर्शनाला नेतोय." पुढचं वाक्य त्याने सकाळपासून घोकलं होतं. "सुटलास बाबा तू एकदाचा!" तो हसला, पण हसू काही धड आलं नाही.

आज मागे सामना नव्हता. डॅरेलच्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. तिकडेही घरात दुसरं माणूस नव्हतं, हे आर्विडला माहीत होतं. ऐकू मात्र आजच आलं.

"फोटो पाठवा," डॅरेल म्हणाला.

आर्विडने चष्मा बदलून तीन फोटो काढले आणि पाठवले.

"छान झालंय, बाबा. फारच छान."

"हं."

"बरं."

डॅरेलचं 'बरं' आलं की फोन संपला, हे शाळेपासूनचं होतं. आर्विडने दिवा मालवायला हात पुढे केला.

"बाबा, चाकांचं रबर."

"काय?"

"रणगाडा जळालाय ना? मग चाकांवरचं रबर जळून जायला हवं. तुम्ही तसंच ठेवलंय. रबर गेलं की गाडी खाली बसते. म्हणजे उंची चुकली. रस्ता चुकला, शेत चुकलं, सगळंच चुकलं."

आर्विडने दिवा जवळ ओढला. बारा चाकं होती. प्रत्येकावरचं रबर त्याने ऑक्टोबरात पात्याने खरवडून काढलं होतं, उघड्या लोखंडाला गंज आणि राखेचा रंग दिला होता आणि तेवढा रस्ताही घासून खाली घेतला होता. फोटोत ते आंधळ्यालाही दिसलं असतं. शिवाय ऑक्टोबरचे चारही रविवार दोघे याच रबरावर बोलले होते.

चूक कबूल करण्याबद्दल आर्विडची ख्याती नव्हती. क्लबातल्या एका परीक्षकाशी एका बोल्टवरून तो दोन वर्षं बोलत नव्हता. त्याने एका चाकावरून बोट फिरवलं. लोखंड उघडंच होतं.

"अरे, हो की," तो म्हणाला. "राहिलंच ते."

"राहिलंच," डॅरेल घाईघाईने म्हणाला. "असा कसा नेणार शनिवारी? लोक हसतील."

"हसतील तर."

"उखडावा लागेल."

"उखडतो. पण पक्का बसलाय, वेळ लागेल."

"लागू दे ना, बाबा. आणि आता रस्ता किती खाली घ्यायचा ते नीट ठरवू. मागच्यासारखी घाई नको. कागद आहे का जवळ?"

कागद समोरच पडला होता, त्यावर पेन्सिलही होती.

"थांब, शोधतो," आर्विड म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.