गुळाच्या डब्याचे झाकण

शकू चार वर्षांची होईपर्यंत चिखलीत तिचे कौतुकच होत असे. ती कोणाच्या अंगाला झोंबत नसे, हट्ट करत नसे, आई शेतावर निघाली तरी रडत नसे. उंबऱ्याशी बसून हरभऱ्याच्या दाण्यांच्या ओळी लावीत राही. "केवढी गुणी पोर!" असे तिची आजी सुभद्राबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लेकीने अजून एकदाही 'आई' म्हटले नाही, असा विषय रतनबाईने काढला की त्या म्हणत, "बन्सीबी उशिराच बोलला. आता गप बसतोय का?"

शकूचा बाप बन्सी पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर जाई. बायकोने फारच लावून धरले तेव्हा तो दोघींना चिंचवडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी शकूच्या पाठीमागे टाळी वाजवली, नावाने हाक मारली, टेबलावर रूळ आपटला. ती खिडकीच्या गजांवरून बोट फिरवीत राहिली.

"मुलगी बहिरी आहे," ते म्हणाले. "पुण्यात अशा मुलांची शाळा आहे. तिथेच ठेवावी लागेल."

परतताना बन्सीने तिला खांद्यावर घेतले. "ऐकूच येत न्हाई बिचारीला, आन मी येडा हाका मारत बसलो."

रतनबाईला मात्र लेक दूर ठेवण्याची धास्ती बसली. शकू बहिरी नाही, हे तिला ठाऊक होते. संध्याकाळी तिने सर्वांना पडवीत बसवले आणि स्वतः आत जाऊन गुळाच्या डब्याचे झाकण हळूच उघडले. शकू धावत आत आली आणि तिने हात पुढे केला.

"बघितलंत? ऐकू येतंय हिला! कुठं धाडायची न्हाई."

बन्सी हसला नाही. "शके, हिकडं बघ." शकू गूळ चाटत राहिली. "म्हंजे ऐकू येतं, आन बापाला ओ देत न्हाई!"

"लाडानं चढलीय," सुभद्राबाई म्हणाल्या. "आताच वळण लाव. उद्या सासरी आमची अब्रू घालवंल."

तेव्हापासून कामावरून आल्यावर बन्सी आधी झाकण वाजवी. शकू धावत आली की तिला नावाने हाक मारी, आणि ओ आली नाही की हात उचली.

"अवं, तिला कळत न्हाई," रतनबाई मध्ये पडे. "कायतरी येगळंच हाय."

"गुळाचं कळतं, माझं कळत न्हाई व्हय?"

रतनबाई लेकीला घेऊन एकटीच पुन्हा डॉक्टरांकडे गेली. सगळे ऐकून ते म्हणाले, "ऐकू येते ना? मग आजार नाही, बाई. शिस्त लावा."

एका दुपारी घरात दुसरे कोणी नव्हते. शकू उंबऱ्याशी दाणे लावीत होती. रतनबाईने आत जाऊन झाकण उघडले. पावले वाजली नाहीत. तिने ते लावून पुन्हा उघडले आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली.

दाण्यांची ओळ अर्धीच राहिली होती. शकू दोन्ही हातांनी डोके झाकून भिंतीला चिकटून बसली होती.