न बसणारीचा स्टूल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टूल आहे. हसू नका! स्टुलाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटलं असेल. तेही बरोबरच आहे म्हणा. आमच्यावर चढून लोक माळ्यावरचे डबे काढतात आणि काम झालं की पायाने बाजूला सारतात. पण मी साधासुधा स्टूल नाही. मी बॉक्सिंगमधल्या एका जगज्जेतीचा स्टूल आहे. आणि गंमत म्हणजे, ती माझ्यावर कधी बसतच नसे.

मला तिच्या मामाने घडवलं. मामा सुतार. तरुणपणी मात्र तो ठोसे मारून आणि त्याहून जास्त ठोसे खाऊन पोट भरायचा. पुढे त्याने सुतारकामाच्या दुकानामागे एक पत्र्याचा हॉल उभारला आणि तिथे मुलींना बॉक्सिंग शिकवू लागला. डोक्यावर खाल्लेल्या माराने त्याच्या हातांना कायमचा कंप आला होता. शर्टाची बटणंसुद्धा मामी लावून द्यायची. "मला कुणी वेळेवर थांबवलं नाही गं," एवढंच तो कधीमधी म्हणायचा. एका जुन्या दाराच्या चौकटीतून त्याने मला कापलं. तीन पाय झकास बसले आणि चौथा बसवताना त्याचा हात हलला. तेव्हापासून मी जरासा डुगडुगतो.

माझं काम तुम्हाला सांगतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये खेळाडूला मिनिटभर विश्रांती असते. घंटा झाली की मामा मला रिंगणाच्या दोराखालून आत सरकवणार, खेळाडू बसणार, पाणी पिणार, घाम पुसून घेणार. पुन्हा घंटा व्हायच्या आत मी बाहेर. बस्स! एका मिनिटाची नोकरी. पण त्या मिनिटात माणूस किती दमलाय हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही.

तिच्या पहिल्या व्यावसायिक लढतीत ती माझ्यावर धपकन बसली होती. धाप लागली होती बिचारीला. समोरची बाई मात्र बसलीच नाही. उभ्या उभ्या आमच्याकडे बघून गालात हसत राहिली. आमची पोर हरली. घरी येताना ती मामाला म्हणाली, "आजपासून मी बसणार नाही. बसले तिथेच हरले."

"अगं, बसण्यात कसला आलाय कमीपणा?"

"तू स्टूल आणूच नकोस."

"ते नाही चालायचं," मामा म्हणाला. "बसणं न बसणं तुझं, स्टूल ठेवणं माझं."

आणि तसंच चाललं. दर फेरीनंतर मामा मला ठेवायचा आणि ती माझ्या शेजारी दोराला टेकून उभी राहायची. लोकांनी तिचं नावच 'उभी' पाडलं. ती जिंकत गेली. जगज्जेतेपदाचा पट्टा तिच्या कमरेला आला तेव्हा आख्खं सभागृह "उभी! उभी!" म्हणून ओरडत होतं. आणि मी? मी टॉवेल ठेवायची खुंटी झालो होतो. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू! पण एक होतं. घंटा व्हायच्या जरा आधी ती डाव्या पायाने माझ्या पायावर टकटक दोन ठोके मारायची. "चल, नीघ आता," असा त्याचा अर्थ. तो आवाज ऐकला की मामा मला ओढून घ्यायचा. तेवढ्यावर माझा सगळा रुसवा निघून जायचा.

मग ती लढत आली. तोवर तिची तिशी उलटली होती आणि समोर होती एक डावखुरी, वयाने कितीतरी लहान पोरगी. लढत भरवणाऱ्याने तोंडावर सांगितलं होतं, "पट्टा गेला तर तुम्हाला पुन्हा बोलावणं नाही, बरं का." कपडे बदलायच्या खोलीत मामा तिच्या हाताला पट्टी गुंडाळत होता. त्याला ती नीट गुंडाळता येईना. तिने पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच गुंडाळू लागली.

"मामा, काही झालं तरी आज टॉवेल टाकायचा नाही. शब्द दे."

रिंगणात टॉवेल फेकला की आपण हार मानली, लढत संपली, असा नियम असतो. मामाने टॉवेल उचलून खांद्यावर घेतला.

"मामा!"

"दिला, बाई, दिला."

पहिल्या काही फेऱ्या आमच्याच होत्या. मग त्या डावखुरीचे ठोसे बसायला लागले. दर फेरीनंतर मामा विचारायचा, "कशी आहेस?" आणि ती म्हणायची, "मस्त." पण दोराला टेकताना तिचा भार वाढत चालला होता. दोर कुरकुरत होते. आठव्या फेरीत तिच्या कानामागे असा काही ठोसा बसला की माझ्या अंगावर काटा आला. ती पडली नाही. घंटा झाली. ती चालत आली आणि नेहमीसारखी उभी राहिली.

"बस गं पोरी, एकदाच बस," मामा म्हणाला.

"नाही."

मिनिट सरत आलं. मामाने मला ओढायला हात लावला. तिचा डावा पाय उचलला गेला आणि दोनदा आपटला. पण माझ्यावर नाही! माझ्यापासून वीतभर लांब, नुसत्या हवेत. टकटक झालीच नाही.

"झालं, काढ स्टूल," ती म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती! मामाची बोटं माझ्या पायावर आवळली.

"स्टुलाला पाय लाव बरं," तो हळूच म्हणाला.

तिने पुन्हा पाय मारला. पुन्हा हवेत.

"लावला की! किती वेळा लावू?"

मदतनीसांनी रिंगणाबाहेर जायची शिट्टी वाजली. पंच ओरडले, "स्टूल काढा!" मामा दोरातून आत आला. मला वाटलं, आता हा मला उचलणार. त्याने मला उचललं नाही. तो माझ्यावर बसला! गुडघ्यांवर हात ठेवून, ओसरीवर बसावं तसा निवांत बसला.

घंटा झाली.

"उतरा खाली! तुम्ही हराल!" पंच धावत आले. लोक शिट्ट्या मारू लागले, बाटल्या फेकू लागले. ती किंचाळत होती, "मामा, ऊठ! ऊठ म्हणते ना!"

मामा हलला नाही. पंचांनी दोन्ही हात वर करून लढत संपल्याची खूण केली. पट्टा गेला.

"शब्द दिला होतास तू!"

"दिला होता ना. हा बघ टॉवेल, खांद्यावरच आहे," मामा म्हणाला. "टाकला नाही मी. म्हातारा माणूस आहे, पाय दुखले, बसलो."

त्याला ढकलायला ती पुढे झाली आणि गुडघ्यावर कोसळली. मग तिला उठता येईना.

मेंदूत रक्त उतरायला लागलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. अजून एक ठोसा बसता तर पोर हाती लागली नसती. ती बरी झाली, पण खेळणं कायमचं बंद. जीव वाचला हे तिला कळत होतं, पण पट्टा गेल्याचं दुःख तिला गिळवत नव्हतं. मामाशी ती एक शब्द बोलेना. "म्हाताऱ्याने भाचीचा घात केला," असं लोक म्हणायचे. हॉलमध्ये येणाऱ्या मुली कमी झाल्या. मामाने मला फाटक्या हातमोज्यांबरोबर माळ्यावर टाकलं. धूळ बसली, भुंग्याने माझं लाकूड पोखरलं, तिरका चौथा पाय आणखी खिळखिळा झाला. आपण कुणाचं भलं करावं आणि वर बोल खावेत, हे काय मामाच्या एकट्याच्याच नशिबी होतं? माझ्याही होतं की!

एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. मामा फळीवर रंधा मारत होता. त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"मामी कुठाय?" तिने विचारलं.

"माहेरी गेलीय."

ती माळ्यावर चढली, मला खाली घेऊन आली आणि आपल्या बाहीने पुसलं. मला मामासमोर ठेवलं आणि बसली. सगळा भार टाकून बसली! माझा चौथा पाय करकरला, पण मी नेटाने उभा राहिलो. ती मामाची बटणं एकेक काढून पुन्हा नीट लावू लागली. मामा तिच्या बोटांकडे बघत होता. तिची बोटं अजिबात कापत नव्हती.

"बसलीस?" मामा कसाबसा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "पाय दुखले."

मित्रांनो, आता हॉलमध्ये तीच शिकवते. नव्या मुलीला पहिल्या दिवशी ठोसा शिकवत नाही, माझ्यावर बसायला लावते. मुली खिदळतात. खिदळू देत. माझा पाय अजून डुगडुगतो. कुणाकडे वेळ असेल तर एक खिळा ठोकून द्या, उपकार होतील. तुमच्या घरीही एखादा जुना स्टूल असेल आणि 'बस जरा' म्हणणारं एखादं माणूस असेल. दोघांना माळ्यावर टाकू नका. ते माणूस बस म्हणालं की आधी बसा. भांडण काय, नंतर करता येतं. आमचे हे मामा-भाची रोज भांडतात, मी ऐकतो ना!