पेंगुळलेला पहारेकरी

शालनबाईंनी पाटी तीनदा वाचली. 'पेंगुळलेला पहारेकरी. दिवाळीच्या किल्ल्यावरचं मातीचं चित्र. कारागीर अज्ञात.'

अज्ञात म्हणे! कसबा पेठेत धोंडिबांनी चाळीस वर्षं हाच मावळा घडवला होता. भाल्याला टेकून बसलेला, पापण्या मिटत आलेल्या. पुण्यातल्या निम्म्या पोरांनी त्याला किल्ल्याच्या दारात बसवलं आणि ती हसून गडाबडा लोळली. तीच पोरं आता टक्कल पडल्यावर शनिवार पेठेतल्या या प्रदर्शनात त्याच्यापुढे डोळे पुसत होती. करणाऱ्याचं नाव विचारायला मात्र एकालाही सुचलं नव्हतं.

धोंडिबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचं नाव या पाटीवर लागावं, एवढ्यासाठी शालनबाई दोन जिने चढून आल्या होत्या.

प्रदर्शन भरवणारा आमोद टेबलापाशी बसला होता.

"हे आमच्या ह्यांनी केलंय," त्या म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा परक्यापुढे नवऱ्याचं नाव सरळ घेतलं, "धोंडिबांनी."

"असं सांगणाऱ्या तुम्ही चौथ्या, आजी. साचा आहे?"

"नदीत सोडला. तेराव्याला."

"का हो?"

"घरची रीत आहे. माणूस गेला की त्याचा साचाही जातो. नाहीतर दुसरा कुणी त्यातून चित्रं काढून स्वतःची म्हणून विकेल."

नाव राखायची रीत नावाच्याच मुळावर आली होती. आमोद हसला नाही, एवढं त्याने बरं केलं.

"एखादी खूण? सही?"

"मातीच्या चित्रावर सही कोण करतं?" शालनबाई वैतागल्या. "आणि हा मुळात टक्क जागा होता. एका वर्षी आमची लेक आनंदी तापाने फणफणलेली, माझा तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. मी डोळे रंगवताना सगळ्यांच्या पापण्या खाली आल्या. ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. पण आधी तेच खपले. मग म्हणाले, दर वर्षी तसेच काढ."

आमोद उठला. त्याने रंग उडालेला एक मावळा, काळा रंग आणि ब्रश त्यांच्यापुढे ठेवला. शालनबाईंनी मावळा मुठीत धरला, श्वास रोखला आणि दोनदा ब्रश फिरवला. मावळा पेंगायला लागला.

आमोदने तो प्रदर्शनातल्या मावळ्याशेजारी धरून बराच वेळ पाहिला. मग कोरी पाटी ओढली.

"पूर्ण नाव सांगा. तुमचं."

"माझं कशाला? मी नुसते डोळे काढायचे."

"लोक तेच बघायला येतात, आजी. जे माझ्यासमोर झालं तेवढंच मी लिहू शकतो. त्यांचं लिहिलं तर उरलेले तिघे उद्या दारात."

"मग राहू दे."

नवऱ्याचं नाव लावायला यायचं आणि स्वतःचं लावून जायचं, ही त्यांना चोरी वाटली. कठडा धरून त्या जिना उतरू लागल्या.

अर्ध्यावर पाय थांबला. गिऱ्हाइकं कौतुकाने विचारायची, "ही झोपेची कल्पना कुणाची हो?" धोंडिबा मान डोलवून म्हणायचे, "सुचलं आपलं." शालनबाई हातभर अंतरावर ब्रश धूत असायच्या. चाळीस वर्षांत एकदाही त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं नव्हतं.

इतका राग शालनबाईंना त्यांचा कधीच आला नव्हता.

"आजी, निदान नाव तरी सांगून जा!" वरून आमोदने हाक मारली.

त्या कठडा धरून तिथेच उभ्या राहिल्या. ज्याच्याशी भांडायचं, तो माणूस उरला नव्हता.