झांजांचा शेरा

“या जॅझवाल्यांच्या झांजांना हल्ली धारच उरली नाही!” हेडफोन काढत समीक्षक करवादले. त्यांची समीक्षा टाइप करणारी बायको शेजारीच मान खाली घालून बसली होती. वर्षभर ती त्यांचं ‘झांजा मंद’ गुपचूप ‘झांजा लख्ख’ करून मासिकाला पाठवत होती. लेक आणि संपादक दोघंही कानाडोळा करत होते. छापून आलेलं स्वतःचं लिखाण समीक्षक कधी वाचत नसत. आज मात्र चहा निवेपर्यंत त्यांनी अंक चाळला.

“हे लख्ख कुणी घुसडलं? माझ्या शब्दावर लोक रेकॉर्डिंग विकत घेतात! संपादकाला सांगतो, सदर बंद!”

त्यांच्या हातातला फोन काढून घेत ती म्हणाली, “अहो, झांजा लख्खच आहेत. तुम्हाला त्या ऐकू येत नाहीत.”