गाडी उंच झाली

“अहो, गाडी उंच झालीय,” उल्का फाटकातून आत येता येताच म्हणाली. “वाडीच्या चढावर थांबले तर पाय टेकेचना. तिथल्या चिमाने धरलं म्हणून. नाहीतर मी, गाडी आणि लसींचा डबा, तिघंही वहाळात गेलो असतो.”

“गाडीला काय मी खत घालतो?” भास्कर म्हणाला.

“मग मीच बुटकी झाले असेन.”

“ती तू लग्नातही होतीस.”

उल्का हसली आणि पायरीवर टेकली. भास्करला वाटलं, चढ चढून आल्यासारखी दमलीय. पण ती गाडीवरून आली होती.

ती आरोग्यसेविका. वय छप्पन्न. रत्नागिरीबाहेरच्या सड्यावरच्या चार वाड्या तिच्याकडे होत्या. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. शेवटच्या कातळवाडीला तर रस्ता असा नव्हताच. तिथल्या दगडांवर तिच्या स्कूटरचं पोट फुटलं, तेव्हा भास्करने खडबडीत वाटेवर चालणारी, त्यातल्या त्यात स्वस्त अशी एक जुनी मोटारसायकल आणली. तो तंत्रशाळेत तीस वर्षं फिटिंग शिकवून निवृत्त झालेला. पडवी हीच त्याची कार्यशाळा झाली. चढावर दम टिकावा म्हणून त्याने मागचा दातेरी चक्का मोठा बसवला. इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला. करवंदीच्या काट्यांपासून हात वाचावेत म्हणून तेलाचा कॅन कापून हँडलला कवचं केली. मागे लसींच्या निळ्या डब्याच्या मापाचं कॅरियर जोडलं आणि तिचे पाय पोचावेत म्हणून सीटचा फोम तासला. ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधून उल्का निघाली की शेजारच्या यमुनाबाई म्हणायच्या, “निघाली झाशीची राणी!”

सर्वांत जास्त वेळ त्याने घालवला तो मागच्या स्प्रिंगवर. तंत्रशाळेतल्या मुलांना तो सांगत असे, “स्प्रिंग म्हणजे उशी नव्हे रे, तराजू आहे. जेवढं वजन, तेवढी ती दबते. म्हणून गाडी माणसाच्या वजनाला लावून घ्यायची असते.” जूनमध्ये त्याने उल्काला गाडीवर बसवलं, पडवीचा खांब धरायला लावला आणि टेप धरली. गाडी चार सेंटीमीटर दबली. मग तो स्वतः बसला आणि तिने माप घेतलं. साडेचार. दोन्ही आकडे त्याने पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवले. उल्का म्हणाली होती, “म्हणजे तुमच्यात आणि माझ्यात अर्ध्या सेंटीमीटरचाच फरक. उगीच नवरेपणा मिरवता.”

आता नोव्हेंबर होता. त्याने पुन्हा टेप काढली. साडेतीन भरले.

“खारी हवा,” तो म्हणाला. “आतले सांधे गंजून अडकले असणार. स्प्रिंग पुरती दबत नाही, म्हणून गाडी उंच राहते.”

दोन दिवस तो खाली बसून होता. सांधे सोडवले, रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरलं. गंज फारसा दिसला नाही. तरी त्याने सगळं पुन्हा जोडलं, कारण दुसरं कारण त्याला सुचत नव्हतं.

तीन आठवड्यांनी उल्का परत म्हणाली, “बोटंसुद्धा टेकत नाहीत हो.”

माप घेतलं. तीनवर दोन मिलिमीटर.

भास्करला स्वतःचाच राग आला. तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि घरची एक स्प्रिंग समजत नाही! “उतर,” तो म्हणाला. “मी बसतो. तू माप घे. मला कळू दे, कुठे अडकतंय ते.”

तो खांब धरून बसला. उल्का चाकापाशी उकिडवी बसली आणि टेप धरली. तापमान वाचावं तशा सवयीच्या आवाजात तिने आकडा वाचला, “साडेचार.”

टेप तिने तशीच धरून ठेवली.

भास्करने भिंतीकडे पाहिलं. त्याचा जूनचा आकडाही साडेचारच होता. म्हणजे स्प्रिंगमध्ये काहीही बिघाड नव्हता. गाडी होती तशीच होती.

त्याला हिशेब करायचा नव्हता, पण त्रैराशिक आपोआपच सुटलं. जूनमध्ये उल्का बासष्ट किलो होती, तेव्हा चार. आता तीनवर दोन. बारा किलो कमी. दिवाळीत तिने ड्रेस दोनदा आत घेतला, तेव्हा तो म्हणाला होता, “छान बारीक झालीयस गो.” वर दोन दिवस ग्रीस भरत बसला होता.

“कधीपासून?” गाडीवर बसूनच त्याने विचारलं.

“नवरात्रापासून.” ती टेप गुंडाळत होती. “इथल्या सिव्हिलमधून नमुने मुंबईला पाठवले होते, ते रिपोर्टही आलेत. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. पुढे गेलाय. त्यात आता करण्यासारखं फार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मलाही दिसतंय ना, इतकी वर्षं काय केलं मी?”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं?”

“सांगितलं असतं तर पहिली किल्ली काढून घेतली असतीत.”

ते खरं होतं.

“कातळवाडीत सात पोरांचे डोस राहिलेत. दुसऱ्या कुणी गेलं की त्या बाया पोरं घेऊन काजूच्या बागेत लपतात. मला ओळखायलाच त्यांना दोन वर्षं लागली. माझ्या जागी जी नवीन मुलगी येईल, तिला मी माझ्या हाताने तिथे उभी करणार. मग काढून घ्या किल्ली.” ती उठली, उठताना तिने चाकाचा आधार घेतला. “माझे पाय टेकतील असं करा. एवढंच करा.”

भास्करने पाना घेतला आणि स्प्रिंगला ताण देणारी कडी सैल करू लागला. गाडी खाली आली. त्या दिवशी तिचे पाय टेकले. डिसेंबरात पुन्हा टेकेनासे झाले, त्याने पुन्हा सैल केली. जानेवारीत कडी तळाला पोचली. पुढे आटेच नव्हते. मग त्याने सीटचा फोम आणखी तासला, इतका की खालचा पत्रा लागू लागला.

“टोचतं का गो?”

“आता माझीच हाडं टोचतात,” ती म्हणाली.

सात डोसांपैकी चार झाले. फेब्रुवारीत एकदा फाटकातच गाडी तिच्या हातून कलंडली. तिने ती उचलायचा प्रयत्नही केला नाही. उभी राहून पाहत राहिली आणि मग पायरीवर जाऊन बसली.

नवीन आरोग्यसेविकेची नेमणूक मार्चमध्ये झाली. ज्ञानेश्वरी तिचं नाव, चिपळूणकडची, जेमतेम चोवीस वर्षांची. आल्या आल्या ती उल्काला भेटायला घरी आली. “मॅडम, तुम्ही पडून राहा. मला वाट सांगा, मी जाईन.”

“वाट कुणीही सांगेल,” उल्का म्हणाली. “तुझ्यापुढे दार उघडायला मी लागेन.”

भास्करने डब्याचं कॅरियर काढलं आणि तिथे जुनी सीट घट्ट बसवली. पायांसाठी दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्या लावल्या. कडी आवळून स्प्रिंग दोघांच्या वजनाला लावली. लसीकरणाच्या दिवशी ज्ञानेश्वरी एसटीने सड्याखाली उतरून डबा खांद्याला लावून चढ चढली. मागून भास्कर उल्काला घेऊन आला, पहिल्या गिअरमध्ये, एकेक दगड टाळत.

कातळवाडीच्या आंब्याखाली बाया जमल्या होत्या. नवीन पोरगी पाहून दोघीतिघी मागे सरकल्या. चिमा पुढे आली. “काय वो बाय, उतरत नाय आज?”

“उतरले तर परत चढवायला तुम्ही सगळ्या लागाल,” उल्का म्हणाली. “आज मी हत्तीवरून बघणार. ही ज्ञानेश्वरी. हिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. आण गो तुझा पोर. हिला दाखव.”

भास्कर स्टँड लावायला गेला, तर गाडी एका अंगाला झुकली आणि मागे उल्का घसरू लागली. त्याने स्टँड पुन्हा वर घेतला. दोन्ही पाय कातळावर रोवले आणि गाडी सरळ धरली.

चिमाने पोर पुढे केलं. त्याने भोकाड पसरलं. मागून उल्काचा आवाज येत होता, “याला डाव्या मांडीला दे. आणि हिची आई घाबरते, आधी आईशी बोल. त्या कमळाच्या मुलीला गेल्या खेपेला ताप आला होता, गोळी देऊन ठेव.” ज्ञानेश्वरी मान हलवत होती, वहीत लिहीत होती. मागे सरकलेल्या बायाही एकेक करून पुढे आल्या. शेवटी तर त्या ज्ञानेश्वरीलाच विचारू लागल्या, पोराला आंघोळ कधी घालू, दूध कधी पाजू. उल्काला कुणी काही विचारलं नाही. तिने कपाळ भास्करच्या पाठीला टेकवलं.

“मास्तर, च्या घेवा,” चिमाने पितळी पुढे केली.

“ठेव तिथे दगडावर. घेतो.”

पाठीवर उल्काचा संथ श्वास लागत होता. चहावर साय धरली. बायांची रांग संपली, तरी भास्कर हँडल धरून तसाच उभा होता.